खोका उघडण्याआधी एक प्रश्न विचारा



गेल्या उन्हाळ्यात मी लेकीकडे कॅनडाला, टोरंटोजवळ, साडेचार महिने होते. परत आल्यावर आपल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं, त्यावर पिवळं-काळं छोटं विमान, शेजारी मी चष्मा नाकावर ओढून बसलेली. फोटोखाली बऱ्याच जणींनी हात जोडले, फुलं पाठवली. एका मैत्रिणीनं मात्र लिहिलं, "ताई, या वयात विमानं? नातवाला चार स्तोत्रं शिकवली असतीत तर बरं झालं असतं."

मला राग आला नाही. प्रश्न रास्त आहे. पण उत्तर दोन ओळींत मावणारं नव्हतं, म्हणून इथं लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: मुलाला खेळणं घेऊन देताना आपण किंमत बघतो, वय बघतो, टिकेल का ते बघतो. पण हे खेळणं कुणाचं काम करतं, हे विचारत नाही. तो प्रश्न खोका उघडण्याआधी विचारायला हवा. आणि तो मुलाच्या शेजारी बसून विचारायचा, लांबून हुकूम सोडून नाही.

आता झालं काय ते सांगते.

नातू बारा वर्षांचा. मराठी कळतं, बोलताना मध्ये मध्ये इंग्रजी येतं. पहिले पंधरा दिवस आमचं बोलणं "जेवलास का" आणि "शाळा कशी होती" याच्या पुढं गेलं नाही. आम्ही सूर्यास्ताच्या आत जेवतो आणि तिकडं उन्हाळ्यात नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. म्हणजे जेवणं आटोपली की हातात मोठी संध्याकाळ. तो त्याच्या खोलीत, मी सोफ्यावर. एक दिवस त्यानंच येऊन विचारलं, "आजी, तुला शिवण येतं ना? मग तुझे हात स्टेडी असतील." त्याला विमानाचं मॉडेल बनवायचं होतं आणि बारीक भाग धरायला कुणीतरी हवं होतं. अशी माझी नेमणूक झाली.

त्याला हवं होतं बुश प्लेन. हा शब्द मलाही नवा होता. कॅनडाच्या उत्तरेला आणि अलास्कात मैलोन् मैल रस्ता नाही. जंगल, तळी आणि बर्फ. तिथं माणूस, टपाल, औषध, पीठ-मीठ, सगळं छोट्या विमानानं जातं. ही विमानं धावपट्टी मागत नाहीत. उन्हाळ्यात तळ्यावर उतरतात, तेव्हा चाकांच्या जागी होडीसारखे दोन लांबट फ्लोट असतात. हिवाळ्यात त्याच जागी बर्फावर घसरणाऱ्या पट्ट्या लावतात. काही विमानांना फुगीर, मऊ टायर असतात, ती नदीकाठच्या गोट्यांवरही उतरतात. आपल्याकडं पूर्वी खेडोपाडी एकच एसटी जायची आणि तिच्या टपावर पेरूच्या पाटीपासून सायकलीपर्यंत सगळं चढायचं, तसंच हे आकाशातलं.

कुठलं विमान घ्यायचं यावर आमची आठवडाभर चर्चा चालली. मी बी.कॉम., त्यामुळं मला वहीत रकाने पाडल्याशिवाय चैन पडत नाही. एका रकान्यात विमान, दुसऱ्यात माप, तिसऱ्यात खर्च.

मापाचा हिशेब आपल्याला शिवणामुळं लगेच कळतो. ४८ मापाचं मॉडेल म्हणजे खरं विमान ४८ पट मोठं, म्हणजे खऱ्यातला एक फूट मॉडेलमध्ये पाव इंच. ७२ मापात एक फुटाचा इंचाचा सहावा भाग होतो. ३२ मापात इंचाचे तीन अष्टमांश. आकडा जितका मोठा तितकं मॉडेल लहान, एवढं लक्षात ठेवलं की दुकानात फसायला होत नाही.

पहिलं नाव होतं पायपर सुपर कब. अलास्कातलं लाडकं विमान, मागंपुढं दोघंच बसणार. रेव्हेलचा ३२ मापातला संच मिळतो, त्यात ते मोठे फुगीर टायरही असतात. पंख ३५ फुटांचे, म्हणजे मॉडेल तेरा इंचांचं. दुसरं होतं नूरडाइन नॉर्समन, कॅनडात खास रानावनासाठीच आखलेलं, १९३५ साली पहिल्यांदा उडालेलं. आणि तिसरं डी हॅविलँड बीव्हर.

बीव्हरची गोष्ट वाचली आणि माझं मत तिथंच ठरलं. हे विमान टोरंटोच्याच डाउन्सव्ह्यू भागात तयार झालं, लेकीच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. ते पहिल्यांदा उडालं १६ ऑगस्ट १९४७ रोजी. मैत्रिणींनो, तारीख बघा. आपला देश स्वतंत्र झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी! नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मग हे तुझंपण विमान आहे." त्याच कंपनीचं बीव्हरहून मोठं ऑटर नावाचं विमान पुढं आपल्या हवाई दलातही होतं. म्हणजे नातं अगदीच ओढूनताणून नव्हतं.

दुसरी गोष्ट मला गृहिणी म्हणून आवडली. विमान आखण्याआधी कंपनीनं रानात विमानं चालवणाऱ्या वैमानिकांना विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांनी वेग मागितलाच नाही. कुत्र्यांच्या घसरगाडीपेक्षा लवकर पोचलं म्हणजे पुरे, असा एकाचा हिशेब होता म्हणे. त्यांनी मागितलं ते असं: थोड्या जागेत उडता यावं, दोन्ही बाजूंनी दारं असावीत म्हणजे धक्क्याला कुठूनही लागलं तरी सामान उतरवता येईल, आणि दार इतकं रुंद असावं की तेलाचं अख्खं पिंप लोटत आत नेता यावं. इंजिनात तेल ओतायचं तोंडसुद्धा वैमानिकाच्या जवळ, आतच ठेवलं, कारण बाहेर हाडं गोठवणारी थंडी. स्वयंपाकघर बांधताना बाईला एकदा जरी असं विचारलं असतं, तर आपल्या कितीतरी घरांतले ओटे वेगळे झाले असते! अशी साडेसोळाशेहून अधिक बीव्हर विमानं १९६७ पर्यंत बनली. निम्म्याच्या वर अमेरिकन सैन्यानं घेतली. १९९९ साली कॅनडानं हे विमान आपल्या पंचवीस सेंटच्या नाण्यावरही आणलं.

आणि हिशेबाला तर ते फारच सोयीचं. बीव्हरचे पंख ४८ फुटांचे. ४८ मापात बरोबर एक फूट! एअरफिक्सचा ७२ मापातला जुना संच आहे, त्यात आठ इंच होतात. माझ्या डोळ्यांना आठ इंच झेपणार नव्हते. आम्ही जुनी, बंद पडलेली आवृत्ती, ४८ मापातली, एका ओळखीच्या गृहस्थांकडून घेतली.

त्या गृहस्थांबद्दल दोन शब्द. सज्जन माणूस. तळघरात भिंतभर खोके, बहुतेक न उघडलेले. या छंदात तसं सगळ्यांचंच होतं म्हणाले, बनवण्यापेक्षा जमवणं सोपं. मी मनात म्हटलं, परिग्रह म्हणतात तो हाच. मग घरी आल्यावर सांगलीतल्या माझ्या कपाटातल्या घडी न मोडलेल्या साड्या आठवल्या आणि गप्प बसले. पण नातवाशी एक ठरवून टाकलं: एक विमान पुरं होऊन फळीवर जाईपर्यंत दुसरा खोका घरात येणार नाही. वहीत हिशेबही लिहिला. खोक्याची किंमत जेवढी, जवळजवळ तेवढीच रंग, गोंद, पुट्टी, पॉलिश पेपर आणि ब्रश यांची. नवीन करणाऱ्यांनी हे आधी धरावं. नुसत्या खोक्याची किंमत बघून "स्वस्त आहे" म्हणू नये.

ब्रशवरून आठवलं. दुकानदार म्हणाला, बारीक कामाला सेबलचाच घ्या. सेबल म्हणजे काय विचारलं तर कळलं की मुंगसासारख्या दिसणाऱ्या एका प्राण्याच्या शेपटीचे केस. मी ब्रश परत ठेवला. कृत्रिम केसांचा ब्रश स्वस्त मिळतो आणि पाण्यात मिसळणाऱ्या रंगाला छान चालतो. तुमच्या घरी मुलं चित्रं काढत असतील तर ब्रशच्या दांडीवर काय लिहिलंय ते एकदा वाचा. आपण बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचतो, मग हे का नाही?

आता खरी गोष्ट.

खोक्यात चाकं आणि फ्लोट दोन्ही होते. विमानावर लावायची चित्रं मात्र सैन्याची. नातवाला सैन्याचं नको होतं, तळ्यावर उतरणारं हवं होतं. म्हणजे संचात बदल करणं आलं. यालाच या छंदात खरी मजा समजतात. त्यानं इंटरनेटवरून फोटो जमवले आणि एका संध्याकाळी मोठ्या उत्साहानं मला दाखवले. फ्लोटवर उभं असलेलं विमान, आणि फ्लोटच्या वरच्या दांड्यांना बांधलेली शिंगं. मूस नावाच्या सांबरासारख्या थोराड प्राण्याची, पसरट, फांद्याफांद्यांची. शिकारी लोक प्राणी मारून अशी शिंगं विमानाला बाहेरून बांधून आणतात. नातू म्हणाला, "आजी, आपण तारेची बनवू. सुपर कूल दिसेल."

माझ्या पोटात कालवलं. पहिलं वाक्य तोंडात आलं ते "अजिबात नाही." आणि ते मी बोललेच. तो म्हणाला, "का?" मी म्हटलं, "आपल्यात चालत नाही." तो म्हणाला, "पण मी मारत नाहीये. आणि खरी विमानं अशीच असतात. तू काढून टाकलंस तर ते चीटिंग आहे." आणि उठून गेला.

मैत्रिणींनो, त्या रात्री मला झोप आली नाही. कारण त्याच्या म्हणण्यात खोट नव्हती. मॉडेल करणाऱ्याचा धर्मच हा, की जे आहे तसं दाखवायचं. मी त्याला सांगत होते की आम्हाला आवडत नाही म्हणून खरं पुसून टाक. सत्य शिकवायचं ते मीच, आणि सोयीचं नाही म्हणून झाकून ठेवायला सांगायचं तेही मीच? "आपल्यात चालत नाही" हे उत्तर आपल्या पिढीला पुरलं. आईनं म्हटलं, संपलं. या मुलांना ते पुरत नाही, आणि पुरत नाही यात त्यांचा दोष नाही. माझी भीती दुसरीच होती. हा आज उठून गेला. शिंगांसाठी गेला तसा उद्या बाकीच्या गोष्टींसाठीही जाईल, आणि आपण "चालत नाही" म्हणत सोफ्यावर बसून राहू.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं गेले. म्हटलं, "तुझं बरोबर आहे. खरं असेल ते पुसायचं नाही. पण मला सांग, हे विमान रोज शिकारीच नेतं का?" त्यालाही माहीत नव्हतं. मग आम्ही दोघं वाचत बसलो. आणि सापडलं काय? बीव्हर घेणाऱ्यांत अगदी पहिलं गिऱ्हाईक होतं ऑन्टारिओ प्रांताचं जमीन आणि वन खातं. या खात्यानं १९२४ पासूनच जंगलातल्या आगींवर नजर ठेवायला स्वतःची विमानं बाळगली होती. वणवा कुठं धुमसतोय ते वरून बघायचं, जवळच्या तळ्यावर उतरायचं, माणसं, पाण्याचा पंप आणि नळ्यांची भेंडोळी उतरवायची. त्यांची विमानं पिवळी, वर काळे पट्टे. सुरुवातीच्या बीव्हरांपैकी एक, सीएफ-ओबीएस अक्षरांचं, सू सेंट मारी गावच्या बुश प्लेन संग्रहालयात आजही आहे. तेही खरंच विमान. आणि त्याच्यावर बांधायला बाहेरचं सामानही असतं, ते म्हणजे होडी! या विमानांच्या फ्लोटच्या दांड्यांना लांब निमुळती कनू होडी बांधून नेण्याची तिकडं पद्धतच आहे. नातवाचे डोळे चमकले. त्याला शिंगंच हवी होती असं नव्हतं. विमानाबाहेर काहीतरी बांधलेलं हवं होतं.

इथं मला माझा मुद्दा सापडला, तो नीट मांडते. एकच जातीचं विमान कुणी टपालाला वापरतं, कुणी आजाऱ्याला आणायला, कुणी वणवा विझवायला, कुणी शिकारीला. मॉडेल करणारा त्यातलं एक विमान आणि त्याचा एक दिवस निवडतो. सगळं कुणीच दाखवत नाही. शिकाऱ्याचं विमान करायचं आणि त्याची शिंगं तेवढी लपवायची, हे खोटं. वन खात्याचं विमान निवडायचं आणि त्याचं जे आहे ते सगळं दाखवायचं, ही निवड. खोटं बोलणं आणि निवडणं यांत हा फरक आहे. आणि मुलाला तो कळतो, फक्त आपण सांगायला हवा.

हेही सांगते की तिकडच्या लोकांना नावं ठेवायचा माझा हेतू नाही. जिथं वर्षातले कितीतरी महिने जमीन गोठलेली, भाजी उगवत नाही, तिथली माणसं काय खातात याचा न्याय मी सांगलीत बसून करणार नाही. नातवानंही मला पकडलंच, "आजी, ते आग विझवणारे लोक तळ्यातले मासे खात असतील ना?" मी म्हटलं, "खात असतील बाळा." त्याला ते उत्तर आवडलं. विमान पवित्र आहे असा माझा दावा नव्हताच. आपले दोन महिने आणि चार हात कशाला लावायचे, एवढंच आपल्या हातात होतं.

मग काम सुरू झालं. करून बघणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते.

आधी चाकांची भोकं. फ्लोट लावायचे म्हणजे चाकांच्या दांड्यांची आणि शेपटीच्या चाकाची जागा पुट्टीनं भरायची, वाळू द्यायची, मग पॉलिश पेपर ओला करून घासायची. मुलांना वाळेपर्यंत दम निघत नाही. मी सांगितलं, इडलीचं पीठ आंबायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, झाकण उघडून बघितल्यानं लवकर होत नाही.

मग शेपूट. फ्लोटचा पुढचा भाग नाकाच्या दिशेनं बराच येतो, त्यामुळं हवेत नाक इकडं-तिकडं वळायला बघतं. ते सरळ राहावं म्हणून फ्लोटवरच्या बीव्हरला शेपटीखाली जादा पर लावतात. आमच्या खोक्यात तो नव्हता. दह्याच्या डब्याचं झाकण कापून केला. नातवानं फोटोवरून माप काढलं, मी कात्री चालवली.

फ्लोटच्या मधल्या तारा. दुकानात म्हणाले मासेमारीचा दोरा घ्या. मी मोती ओवायचा नायलॉनचा दोरा वापरला. वस्तू तीच आहे, मला ठाऊक आहे. पण आमच्या पिशवीत हा होता आणि तो नव्हता.

होडी सोळा फुटांची, म्हणजे मॉडेलमध्ये बरोबर चार इंच. साबणाच्या वडीचा साचा कोरला, त्यावर कागदाच्या पट्ट्या फेव्हिकॉलनं थरावर थर लावल्या. वाळल्यावर साबण काढून घेतला. ती आमची सगळ्यात सुंदर वस्तू झाली. सव्वा इंचाचं एक वल्हंही आइस्क्रीमच्या काडीचं करून फ्लोटवर बांधलं, कारण खऱ्या विमानावरही ते असतं. इंजिन बंद केल्यावर धक्क्यापर्यंत वल्हवतच यावं लागतं.

चुकाही सांगायला हव्यात. खिडक्यांच्या काचा मी घाईनं झटपट चिकटणाऱ्या गोंदानं लावल्या. सकाळी बघते तर त्याच्या वाफेनं काचेवर पांढरं धुकं! नातू काही बोलला नाही, तेच जास्त लागलं. टूथपेस्टनं घासून थोडं निघालं, पूर्ण नाही. काचेला साधा पांढरा गोंदच लावायचा, तो वाळला की पारदर्शक होतो. दुसरं, फ्लोटच्या पुढच्या भागात वजन घालायला विसरलो असतो तर विमान शेपटीवर बसलं असतं. फ्लोट चिकटवण्याआधी जावयांनी आठवण केली आणि त्यांच्याच पेटीतले बारीक नट आत घातले. आणि पिवळा रंग. गडद प्लॅस्टिकवर पिवळा थेट दिला तर मळकट दिसतो. आपण पिवळ्या ब्लाउजला काळं अस्तर लावतो का? आधी पांढरा हात द्यायचा, मग पिवळ्याचे पातळ दोन-तीन. हे मात्र मला कुणी शिकवावं लागलं नाही. आणि गोंद-रंगाचं सगळं काम खिडकी उघडून, हे मुलांना सुरुवातीलाच बजावून ठेवा.

बदल किती करायचे, यावरही माझं मत आहे. नातवाला दारं कापून उघडी दाखवायची होती, आत पिंप, इंजिनाच्या नळ्या, सगळंच. मी म्हटलं, पहिल्या विमानाला चार बदल पुरेत. प्रत्येक बदलाला दोन प्रश्न विचारायचे: खऱ्या विमानावर हे होतं का? आणि आपल्या हातानं ते निभेल का? दोन्हीला हो आलं तरच सुरी उचलायची. हौसेनं दहा गोष्टी उघडून ठेवल्या की विमान खोक्यातच राहतं. भिंतभर खोके तसेच तयार होतात.

या नियमात मीही सापडले, बरं का. अक्षरं रंगवायची वेळ आली तेव्हा मला फार वाटलं की सीएफ-ओबीएसच्या जागी नातवाचं नाव घालावं. आजीच ती. त्यानं मान हलवली. "आजी, खऱ्या विमानावर माझं नाव होतं का?" मी निमूटपणे कागद कापून सीएफ-ओबीएसचा साचा केला. शिंगांच्या वेळी त्यानं ऐकलं, इथं मला ऐकावं लागलं. नियम दोघांना सारखा नसता तर त्यानं पुढचं काहीच ऐकलं नसतं.

आता माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडं येते. स्तोत्रं शिकवली का? काही शिकवली. काम करता करता मी पुटपुटायचे, त्यातलं थोडं त्याच्या कानावर पडलं, मग एके दिवशी त्यानं अर्थ विचारला. पण खरं सांगू, मला तेवढंच मोजायचं नाही. जीव दुखवू नये हे आपण मुलांना ताटातून शिकवतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांचा अर्ध्याहून जास्त दिवस ताटाबाहेर जातो. खेळात, चित्रात, पडद्यावर. तिथं आपण नसतो. तिथं "चालत नाही" म्हणायला कुणी येत नाही, आणि आलं तरी मूल दार लावून घेतं. तिथं त्याला स्वतःलाच विचारता यायला हवं, की हे कुणासाठी आहे, यात कुणाचं जातंय, दुसरं काही निवडता येईल का. हे विचारायची सवय एका टेबलावर, पुट्टी वाळेपर्यंतच्या वेळात लागू शकते. लागलीच असं मी म्हणत नाही. दोन महिन्यांत कुणाचं काय बदलतं?

काही जणी म्हणतील, प्लॅस्टिकचं खेळणं, एवढा पैसा, एवढा वेळ. पैशाचा हिशेब वहीत आहे. ज्याला पाहिजे त्याला दाखवीन. तेवढ्यात आम्हा पाचजणांचं एक बाहेरचं जेवण झालं असतं, आणि ते दुसऱ्या दिवशी आठवलंही नसतं. प्लॅस्टिकचं मात्र मान्य. म्हणूनच एकच खोका, आणि तोही कुणाच्या तरी तळघरात पडून असलेला.

विमान आता त्याच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. एका खिडकीवर माझं धुकं अजून आहे. निघायच्या आदल्या दिवशी एक तार सुटली, ती ओढून घ्यायची राहिली. मागच्या रविवारी फोनवर विचारलं, "तार लावलीस का?" म्हणाला, "तू आलीस की लावू." आणि मग म्हणाला, त्याला आता नॉर्समन करायचंय, पण खोका घेतला नाही, आधी शोधतोय की कुठलं नॉर्समन.

तुमच्याकडंही नातवंडं सुट्टीला येतील. विमान नसेल, बाहुली असेल, व्हिडिओ गेम असेल. शेजारी बसा, आणि नको म्हणण्याआधी विचारा, हे काय काम करतं? उत्तर आलं की मलाही कळवा.